कडेनं मध्याकडे

बुद्धिबळ शिकवणारा कोणीही पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगतो: पटाचा मध्य धर. डी-४, ई-४, डी-५ आणि ई-५ ही ती चार घरं. सल्ला शहाणपणाचा आहे. मध्यात उभा असलेला घोडा आठ घरांवर मारा करतो, कोपऱ्यातला फक्त दोन घरांवर. मध्य ज्याच्या हाती, त्याच्या मोहऱ्यांना इकडून तिकडे जायला सरळ रस्ता असतो. दुसऱ्याला वळसा पडतो. म्हणून राजापुढचं किंवा वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवायचं आणि डाव सुरू करायचा. मुलांच्या हाताला हे इतकं बसलेलं असतं, की पंचांनी घड्याळ सुरू करायला सांगायच्या आत बोटं त्या प्याद्यावर गेलेली असतात.

तरीही काही खेळाडू पहिल्या खेळीला मध्याकडे वळत नाहीत. कोणी वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं सी-४ वर नेतो. ती इंग्लिश ओपनिंग. कोणी घोडा एफ-३ वर काढून थांबतो, ती रेटी. कोणी घोड्यापुढचं प्यादं एकच घर पुढे सरकवून उंटाला बी-२ वर बसवतो; तिला लार्सनचं नाव आहे. या सगळ्या बाजूच्या ओपनिंग. आपल्याकडच्या स्पर्धांत अशी सुरुवात करणाऱ्याबद्दल मागच्या बाकावरून हमखास कुजबुज होते: ‘घाबरून खेळतोय’, नाहीतर ‘थिअरी पाठ नसणार’. पांढरी मोहरी मिळाली की मी सी-४ खेळतो, त्यामुळे ही दोन्ही वाक्यं माझ्या परिचयाची आहेत. दुसऱ्यात थोडं तथ्य आहे. पहिल्यात अजिबात नाही.

माझी नोकरी रसायनीत, कारखान्यात शिफ्टमध्ये गेली. तिथे शिकलेली एक गोष्ट इथे कामाची आहे. रिॲक्टरमध्ये तापणारी प्रक्रिया चालू असताना माल भसकन ओतत नाहीत; तापमानावर डोळा ठेवून थोडाथोडा सोडतात. पण नवशिक्याला वाटतं, की हळू सोडलं म्हणजे सुरक्षित. तसं नसतं. आत प्रक्रिया सुरूच झाली नसेल आणि माल नुसता साचत गेला, तर ती जेव्हा सुरू होते तेव्हा आवरत नाही. हळू सोडण्याला अर्थ असतो तो आत काय चाललंय याची खबर असेल तरच. बाजूच्या ओपनिंगबद्दल मला जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे. मध्याचा प्रश्न पुढे ढकलण्याची मुभा ती देते, सूट देत नाही.

रसायनीत बुद्धिबळ आलं ते दोन वाटांनी. एक वाट आसपासच्या खेड्यांतली. खालापूर तालुक्यातल्या आमच्या घरी पावसाळ्यात ओटीवर पट मांडला जायचा तो देशी नियमांचा. प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर सरकायचं. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मिळायची, तीही शह बसण्याआधी. अशा खेळात पहिल्या पाचसात खेळ्यांत मारामारी होणं अवघडच. मोहरी आपापल्या बाजूला रचायची, मग एखादं प्यादं मध्ये सारून भांडण काढायचं.

दुसरी वाट कारखान्यांची. १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सचा प्रकल्प इथे उभा राहिला, हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्स आली, पाताळगंगेच्या काठाने औद्योगिक वसाहत पसरली. देशभरातून माणसं कॉलनीत राहायला आली. कोणी बंगालचा, कोणी केरळचा, कोणी विदर्भातला. त्यांच्याबरोबर आंतरराष्ट्रीय नियम आले, इंग्रजी पुस्तकं आली आणि जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या कोपऱ्यात पट दिसू लागले. २०१७ मध्ये केंद्र सरकारने हिंदुस्तान ऑरगॅनिकचे इथले तोट्यातले विभाग बंद करायचं ठरवलं. रॉकेटच्या इंधनासाठी लागणारं नायट्रोजन टेट्रॉक्साइड बनवणारा विभाग तेवढा इस्रोकडे सोपवला. बंद झालेल्या कारखान्याची माणसं पांगली. खेळ मात्र शेजारच्या मोहोपाड्यात राहिला.

देशी पटावर वाढलेल्या माणसाला बाजूची ओपनिंग परकी वाटत नाही, हे मला पुढे वाचताना कळलं. १८४८ च्या सुमाराला कलकत्त्यात जॉन कॉक्रेन नावाच्या ब्रिटिश खेळाडूला महेशचंद्र बॅनर्जी भेटले. देशी नियमांवर तयार झालेला हा खेळाडू युरोपीय नियमांनी खेळतानाही प्यादी एकेक घर सरकवायचा, उंट कडेच्या घरात ठेवून लांब कर्णावरून मध्यावर रोखायचा. त्या काळच्या युरोपला ही रीत विचित्र वाटली. आज ‘इंडियन डिफेन्स’ या नावाने जे बचाव जगभर खेळले जातात, त्यांच्या नावाचं मूळ तिथे आहे. त्याच्याही आधी, १८१४ मध्ये, मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्रींच्या संस्कृत ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर छापलं गेलं. पटावरच्या कूट स्थिती सोडवायला देणारं हे पुस्तक युरोपीय नियमांना जुळवून घेतलेलं होतं. म्हणजे दोन नियमांच्या मधल्या पुलावर आपली माणसं दोनशे वर्षांपूर्वीच उभी होती.

युरोपात कडेने मध्य रोखण्याच्या या विचाराला मान मिळाला तो विसाव्या शतकात. तशी इंग्लिश ओपनिंग जुनीच. हॉवर्ड स्टाँटनने १८४३ मध्ये पॅरिसला सेंट-आमाँविरुद्धच्या सामन्यात ती खेळली, म्हणून तर ती ‘इंग्लिश’. पण तिच्यामागचं तत्त्व रिचर्ड रेटी आणि त्याच्या पिढीने मांडलं. मध्यात प्यादी रोवली म्हणजे मध्य ताब्यात आला असं नव्हे, कारण रोवलेलं प्यादं हे हल्ल्याचं लक्ष्यही होतं. प्रतिस्पर्ध्याला मध्यात येऊ द्या आणि कडेच्या मोहऱ्यांनी ती प्यादी पोखरा. २२ मार्च १९२४ ला न्यूयॉर्कमध्ये रेटीने जगज्जेत्या कापाब्लांकाविरुद्ध घोडा एफ-३ वर काढला, तिसऱ्या खेळीला बी-४ केलं आणि ३१ खेळ्यांत डाव जिंकला. आठ वर्षं कापाब्लांका हरला नव्हता. चर्चा एका पराभवाची झाली, पण खरं तर एका समजुतीला धक्का बसला होता.

या गोष्टीची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे आणि ती सांगितल्याशिवाय कोणाला ही ओपनिंग शिकवू नये. १९७० मध्ये बेलग्रेडला सोव्हिएत संघ विरुद्ध उर्वरित जग असा सामना झाला. पहिल्या पटावर डेन्मार्कचा बेंट लार्सन पांढऱ्याकडून होता, समोर जगज्जेता बोरिस स्पास्की. लार्सनने आपली आवडती बी-३ खेळली. स्पास्कीने ई-५ केलं आणि चौथ्या खेळीला तेच प्यादं ई-४ वर ढकलून घोड्याला हुसकावलं. लार्सन प्यादी आणि वजीर हलवत राहिला, राजा मात्र मध्येच अडकून पडला. स्पास्कीने एच पट्टीवरचं प्यादं पुढे काढलं, घोडा दिला, वर एक हत्ती दिला, आणि १७ व्या खेळीला त्या प्याद्याचा वजीर झाला. तिथे लार्सनने डाव सोडला. ओपनिंग तीच, विचार तोच. फक्त मध्यातलं प्यादं पुढे येत असताना त्याला उत्तर द्यायची वेळ निघून गेली.

आता एक साधा डाव सांगतो. मोहोपाड्यात एका शाळेच्या हॉलमध्ये स्विस लीग पद्धतीची जलद स्पर्धा होती. २५ मिनिटं आणि दर खेळीला १० सेकंदांची भर. लाकडी बाकांवर गुंडाळीचे प्लास्टिक पट, वर घरघरणारे पंखे, बाहेर झाडाखाली डबे घेऊन बसलेले पालक. पुढच्या फेरीत कोण कोणाशी, हे आता भिंतीवर लावत नाहीत, मोबाइलवर येतं. शेवटच्या फेरीत माझ्यासमोर कर्जतकडून चौकमार्गे आलेला बारातेरा वर्षांचा मुलगा बसला. मानांकनात तो माझ्या वर होता.

मी सी-४ खेळलो. त्याने लगेच ई-५, आणि तिसऱ्या खेळीला डी-५. प्यादी मारली गेली, त्याचा घोडा डी-५ वरून बी-६ ला परतला, मी उंट जी-२ वर बसवून किल्लेकोट केला. दहाव्या खेळीपर्यंत चित्र असं होतं: ई-५ वर त्याचं प्यादं ठाम, उंट ई-६ वर, वजीर डी-७ वर यायच्या तयारीत. माझी ए-३ आणि बी-४ ही प्यादी वजिराच्या बाजूला पुढे सरकलेली, डी-३ वरचं प्यादं मात्र एकच घर हललेलं. बघणाऱ्याला वाटलं असतं, की मध्य त्याचा आहे. होताच. ११ व्या खेळीला मी दुसरा उंट बी-२ वर आणला आणि त्याने वजीर डी-७ वर.

इथे डी-४ करावं असं कोणालाही वाटेल. मध्य फोडायचा, उंटांना रस्ता मिळेल. पण पट नीट बघितला तर त्या क्षणी ती खेळी म्हणजे आत्मघात होता. डी-४ वर प्यादं प्याद्याने मारलं गेलं असतं, माझ्या घोड्याने ते परत घेतलं असतं, त्याच्या घोड्याने माझा घोडा मारला असता. मग परत घ्यायला माझ्याकडे उरला असता फक्त वजीर. आणि डी-७ वरच्या त्याच्या वजिराने तो उचलला असता. बी-२ वरचा उंट मदतीला का नाही? कारण सी-३ वर माझाच घोडा त्याच्या वाटेत उभा होता. अडथळा त्याच्या प्याद्याचा नव्हता, माझ्याच मोहऱ्याचा होता.

म्हणून १२ व्या खेळीला मी तो घोडा ई-४ वर नेला आणि पुढच्या खेळीला सी-५ वर. तिथून तो वजिरावर आणि बी-७ च्या प्याद्यावर एकदम मारा करत होता. मुलाने उंट देऊन तो घोडा मारला, मी बी-४ च्या प्याद्याने परत घेतलं. कडेला असलेलं प्यादं असं एक पट्टी आत आलं आणि बी-६ वरच्या घोड्याला हलावं लागलं. तो डी-५ वर गेला. मी वजीर बी-३ वर आणला. पांढऱ्या घरांवरच्या उंटांची अदलाबदल झाली. त्याने हत्ती बी-८ वर नेऊन प्यादं राखलं, मी हत्ती डी-१ वर आणला, त्याने राजा कोपऱ्यात सरकवला. आणि १८ व्या खेळीला, सगळी मोहरी जागेवर आल्यावर, डी-३ वरचं प्यादं एक घर पुढे गेलं. डी-४.

आता तीच मारामारी झाली, पण शेवटी डी-४ वर वजिराऐवजी उंट बसला, कारण त्याची वाट मोकळी होती. त्या उंटामागे डी-१ वर हत्ती, समोर डी-७ वर त्याचा वजीर. मुलाने घोड्याला आधार म्हणून सी-६ केलं, मी ई-४ केलं. घोडा हलला आणि उंटाने एफ-६ वरचं प्यादं उचललं. उंट बाजूला होताच हत्तीचा मारा थेट वजिरावर उघडा पडला. एक प्यादं गेलं, पाठोपाठ दुसरं, आणि पुढे हत्तींच्या खेळात डाव माझ्याकडे आला.

डाव संपल्यावर दोघांनी पुन्हा मोहरी मांडली. पोरगं हुशार होतं. ते म्हणालं, ‘काका, तुम्ही डी-४ बाराव्या खेळीलाच कराल असं मला वाटलं होतं, मी त्याची तयारी करून बसलो होतो. मग तुम्ही केलंच नाही, तर मला वाटलं की करणारच नाही.’ डावाचा निकाल या दोन वाक्यांत आहे. जी खेळी वेळेआधी येईल म्हणून तो सज्ज होता, ती उशिरा आली तेव्हा तो तिला विसरलेला होता.

मोठ्या पटावरही हेच दिसतं. १९८७ च्या डिसेंबरमध्ये सेव्हिलला कास्पारोव्ह कार्पोव्हविरुद्ध एका गुणाने मागे होता आणि शेवटचा, २४ वा डाव जिंकल्याशिवाय जगज्जेतेपद टिकणार नव्हतं. अशा वेळी माणूस अंगावर धावून जाणारी ओपनिंग निवडेल असं वाटतं. कास्पारोव्हने सी-४ खेळून शांतपणे मोहरी रचली, मध्यावर ताण ठेवला आणि ६४ खेळ्यांत डाव काढला.

आणि अगदी अलीकडे, २०२४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सिंगापूरला डिंग लिरेन आणि आपला गुकेश यांच्यात जगज्जेतेपदाचा सामना झाला. शेवटच्या चार डावांपैकी तीन डावांची सुरुवात बाजूच्या ओपनिंगनी झाली आणि तिन्हींत निकाल लागला. त्यातला ११ वा डाव मी पुन्हा पुन्हा मांडून बघतो. गुकेश पांढऱ्याकडून. घोडा एफ-३, सी-४, आणि तिसऱ्या खेळीला बी-४. डिंग सुरुवातीलाच विचारात पडला. चौथ्या खेळीसाठी त्याने अर्ध्या तासाहून जास्त वेळ घालवला. काळ्याने दुसऱ्याच खेळीत डी-४ वर प्यादं रोवलं होतं; ते मारलं गेलं तिथे लगेच दुसरं आलं आणि शेवटपर्यंत तिथेच उभं राहिलं. मध्य कागदोपत्री डिंगचा होता. गुकेशचं बी पट्टीवरचं प्यादं मात्र बी-५, बी-६ असं पुढे गेलं आणि तिथे त्याने ते देऊन टाकलं. डिंगच्या वजिराने ते खाल्लं आणि बी पट्टी गुकेशच्या हत्तींसाठी मोकळी झाली. मग त्याचा घोडा सी-२ वरून चक्क ए-१ च्या कोपऱ्यात गेला, जिथून घोड्याला दोनच घरं दिसतात. तिथून बी-३, तिथून सी-५. २९ व्या खेळीला गुकेशने वजिराने सी-६ वरचा घोडा मारला. तो वजीर प्याद्याने परत मारला तर दोन हत्ती बी पट्टीवरून आत शिरणार होते. डिंगने डाव सोडला.

पुढचाच डाव इंग्लिश ओपनिंगने जिंकून डिंगने गुणांची बरोबरी साधली. १४ व्या आणि शेवटच्या डावात त्याने रेटी खेळली, बरोबरीत सुटावा अशा स्थितीपर्यंत डाव आणला आणि ५५ व्या खेळीला हत्ती चुकीच्या घरात ठेवला. १२ डिसेंबरला १८ वर्षांचा गुकेश जगज्जेता झाला. एकाच सामन्यात तीच पद्धत दोघांनाही जिंकवून गेली आणि एकाला हरवूनही गेली. ओपनिंग डाव जिंकून देत नाही, हे यापेक्षा स्वच्छ कुठे दिसणार?

मग तिचा उपयोग काय? छोट्या गावातल्या खेळाडूला तो जास्त आहे, असं माझं मत आहे. ई-४ खेळलं की समोरचा सिसिलियन काढतो, आणि ज्याच्याकडे शिकवणी, चांगला संगणक आणि वेळ आहे तो विसाव्या खेळीपर्यंत पाठ केलेलंच खेळतो. पुण्यामुंबईच्या मुलाला हे सोपं जातं. रसायनीच्या, खोपोलीच्या, नेरळच्या मुलाला नाही. सी-४ खेळलं की पाठांतराची लढाई मागे पडते आणि दोघांनाही आठव्यानवव्या खेळीपासून स्वतःच्या डोक्याने खेळावं लागतं. ‘थिअरी पाठ नसणार’ या कुजबुजीत तथ्य आहे म्हणालो ते याच अर्थाने. त्यात कमीपणा मला दिसत नाही.

पण हीच सोय पळवाट होऊ शकते. मी अशी मुलं बघितली आहेत, जी सी-४, जी-३, उंट जी-२, किल्लेकोट एवढं यंत्रासारखं खेळतात आणि मग पुढे काय ते त्यांना माहीत नसतं. ती थांबतात, मोहरी मागेपुढे करतात आणि पंचविसाव्या खेळीला समोरचा मध्यातून चालून येतो. त्यांना वाटतं ओपनिंग वाईट. ओपनिंगने त्यांना वेळ मिळवून दिला होता; त्या वेळाचं त्यांनी काही केलं नाही.

कर्जत-खालापूर भागात मुलांना शिकवणाऱ्यांना आणि त्यांच्या पालकांना म्हणून एक विनंती आहे. पहिली काही वर्षं मुलाला ई-४ आणि डी-४ च खेळू द्या. मध्य म्हणजे काय ते हातांना कळल्याशिवाय तो सोडून देण्यात शहाणपण नाही. ते कळल्यावर एखाद्या स्पर्धेत त्याला सी-४ खेळायला लावा, हरला तरी बोलू नका. आणि डाव लिहायच्या वहीत दर डावाखाली एका प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडून लिहून घ्या: मध्य फोडायची वेळ कितव्या खेळीला आली होती, आणि तू तो कितव्या खेळीला फोडलास? या दोन आकड्यांतलं अंतर जसजसं कमी होईल, तसतसा त्याचा खेळ सुधारेल.